छतावरचं पाणी

वडील गेल्यावर आईनं अकोल्याचं घर सोडायला साफ नकार दिला. मी अमरावतीला. दर पावसाळ्यात छत गळायचं, तिच्या पलंगाभोवती गंजं-पातेली मांडलेली असायची. शेवटी मी वैतागून बजावलं, "यंदा छत गळलं, तर तू माझ्याकडे राहायला येशील."

"छत गयूच देत नाही," ती म्हणाली.

उन्हाळ्यात एक ठेकेदार आपणहून दारात आला. मागच्या गल्लीत काम चालू होतं, तिथून म्हणे त्याला आमच्या छताच्या भेगा दिसल्या. "मावशी, घरच्यासारखं करून देतो." आईनं आधी त्याला जेवू घातलं, मग होकार दिला. मी पोचले तेव्हा छत पांढरंशुभ्र झालं होतं आणि तो उरलेले पैसे मागत होता.

"आधी छतावर पाणी साठवून बघू," मी म्हटलं.

तो हसला. "ताई, नय कवा येईन याचा पत्ता नाही, अन् तुमी पाणी छतावर सांडता? मावशी, तुमीच सांगा!"

तांदळाचं धुवण तुळशीला घालणारी माझी आई. तिनं त्याच्याच बाजूनं मान हलवली. पाणी मुरत होतं ते इथंच. नळाच्या पाण्याची आठवडाभर वाट बघणाऱ्या अकोल्याच्या बाईचा जीव कशात अडकतो, हे त्या लबाडाला बरोबर ठाऊक होतं. मी येईपर्यंत पैसे देऊ नकोस, एवढं सांगून मी धुसफुसत अमरावतीला परतले.

दोन-चार दिवसांनी तिचा फोन आला. "छताच्या पाइपात चिंधी कोंबली अन् घरात भरून ठेवलेलं सारं पाणी वर नेऊन ओतलं."

"त्या गुडघ्यांनी? बादल्या घेऊन जिना चढलीस?" मी ओरडलेच.

ती हळूच म्हणाली, "पलंगावर टपकून राहिलं वं."

हे तिला लपवता आलं असतं. पावसापर्यंत मला कळलंही नसतं.

"त्याले पैसे नाही देल्ले," ती म्हणाली. "मंग... पिशवी भरू काय?"

माझा सगळा राग विरघळला.

"नको भरू. चांगला मिस्त्री घेऊन मीच येते. पुन्हा पाणी भरून बघू."

"अन् पाणी कुठचं?"

"अमरावतीहून आणीन."

ती खुदकन हसली. "मंग एक बाल्टी जास्त आण. तुयशीचं पाणीबी छतावरच गेलं माह्यं."