जोडीतलं थोराड

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणून क्लारनेटची जोडी घ्यायला निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मलाही बरोबर घेतलं. भाव मी करायचा होता.

आबा आणि काका गडहिंग्लजला लग्नाच्या बॅंडमध्ये होते, पण दोघांत क्लारनेट एकच, तेही चिरलेलं. आबा वाजवत आणि काका झांज धरत. यंदा दोघांनी शेजारी उभं राहून वाजवायचं, असं आबांनी मनात धरलं होतं.

विकणारे गृहस्थ लष्करी बॅंडमधून निवृत्त होऊन कोल्हापुरात राहत. त्यांनी पेटी उघडली. निळ्या मखमलीवर दोन काळी क्लारनेटं होती. आबांनी ती शेजारी शेजारी उभी धरली आणि बैलजोडी बघावी तशी बघितली.

"जोडी म्हंतासा, आनि ह्ये एक थोराड हाय की!"

"अहो पावणं, ही दोन्ही एकाच माणसाची. गाण्याची पट्टी बदलली की वाद्य बदलायचं. आखूड काळी पाचचं, लांबडं पांढरी सहाचं."

आबांना ते कळलं, पण पटलं नाही. दोघा भावांनी एकदम एक चाल धरली. अर्ध्या सुराचा तो फरक मलासुद्धा दातांत जाणवला. शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

काकांनी लांबडं क्लारनेट हळूच मखमलीवर ठेवलं. "एकच घिऊया, दादा. माजी झांज हायच की."

आबांनी दोन्ही क्लारनेटांकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "उचल ते. एकदम कशाला वाजवायचं? मी इचारतो, तू जबाब दे."

आबांनी एक ओळ वाजवली. तीच ओळ काकांकडून किंचित खालून आली, कुणी अदबीनं 'होय जी' म्हणावं तशी.

"वा! थोरल्यापुढं धाकट्याचा आवाज खालीच पायजे!" गृहस्थ मांडीवर थाप मारून म्हणाले.

"घरात न्हाय, निदान हितं तरी," आबा म्हणाले.

आता माझी पाळी. वाटेत बरंच पाठ केलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "सर, जरा कमी..."

"ह्यो मला सर म्हणतोय! पलटणीत जन्मभर मीच सायबांना सर म्हणत आलो!" गृहस्थ इतके हसले की भाव त्यांनीच उतरवला.

पहिल्याच वरातीत लोकांना वाटलं, सवाल-जवाबाची ही कोल्हापूरची नवी तऱ्हा असावी. झांज माझ्या हातात होती. मांडवाच्या दारात मात्र काकांना राहवलं नाही. आबांची ओळ संपायच्या आतच त्यांनी आपली सुरू केली. नवरदेवाचा घोडा जागीच थबकला. आबांनी क्लारनेट ओठांवरून काढलं, मला झांज जोरात वाजवायची खूण केली आणि काकांना ती ओळ शेवटपर्यंत वाजवू दिली.

मग म्हणाले, "सवालाआदी जबाब देतोस व्हय रं?"