हौश्याची खांदेमळणी

काही वर्षांपूर्वी सैन्यातून निवृत्त झालेला जयराज लेकाच्या कॉम्प्युटरवर सहज खेळायला बसला आणि गेममधल्या जादूच्या मुलखाचाच होऊन गेला. डोंगर, चेटकिणी, तलवारी. कुठंही हिंडा, अडवणारं कुणी नाही. घोडा तर असला गुणी, की शीळ घातली की हजर!

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी, वर्षभर जू ओढलेले बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळायचे असतात; ते काम जयराजचं. आई, शालूबाई, दोनदा हाक मारून गेली. "आलो, आलो" म्हणत हा बाबा घोड्यासाठी नवं खोगीर शोधत राहिला.

उठला, तेव्हा आई गोठ्यातून परतत होती. हात पिवळेधमक.

"मळलं मीच. तुजा घोडा जेवला का न्हाई रं?"

जयराज खाली मान घालून गोठ्यात गेला. हौश्या बैलाचा खांदा तुपानं चकाकत होता. तरी त्याला बघताच हौश्यानं मान वाकवली आणि दरवर्षीसारखा खांदा पुढं केला.