पेंढ्याच्या जाळावरून

आमचा तांबडा कुत्रा पळून गेला, असंच घरात सगळे म्हणत. कुत्री पळतातच. भादव्यात कुत्रीच्या मागं पळतात, दिवाळीत फटाक्यांना भिऊन पळतात. आमचा मात्र माझ्यामुळे पळाला.

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि अतिशहाणी. त्या वर्षी त्याला खरूज झाली होती. आमच्या कुंभिवलीत दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी अंगणात पेंढा पेटवून गुरांना त्या जाळावरून पळवायचे. वर्षभराची रोगराई जाते म्हणायचे. गुरांची जाते तर कुत्र्याची का जाणार नाही, असं माझ्या डोक्यानं घेतलं. आदल्या दिवशी मीच त्याला करंजेल चोळलं होतं. दोन उपाय एकदम केले की लवकर गुण येईल.

बैल गेले, गाय गेली. मी पट्टा धरून त्याला ओढलं. तो चारी पाय रोवून उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत. "चल रं," म्हणत मी ओढतच राहिले. मी म्हणते म्हणून शेवटी त्यानं उडी मारली, आणि पोटाखालचं तेल भपकन पेटलं. मातीत लोळून त्यानं ते लगेच विझवलं, पण पट्ट्यातून मान सोडवून घेतली आणि शेतातून हायवेकडे पळाला. पट्टा माझ्या हातात राहिला.

मी मागं धावणार, तर बाबांनी दंड धरला. "धावू नको गं. त्याला वाटंल, परत धराया आली."

ते सायकल घेऊन शोधायला गेले. आईनं माझा अंगावरचा परकर पायरीवर ठेवायला लावला. वासावर येतो म्हणाली. शेजारची काकू म्हणाली, "कुत्रं तर हाय, दुसरं आणा." तिच्याशी मी महिनाभर बोलले नाही. परकर रोज दवानं भिजायचा आणि उन्हात वाळायचा.

पंधरा दिवसांनी तो बाबांना हायवेवरच्या चौक गावात एका गॅरेजपाशी दिसला. दुसऱ्या दिवशी मीही गेले. ट्रकखाली बसला होता, पोटावर खपली धरलेली. मला वाटलं, गुरगुरेल. तो सरपटत आला आणि त्यानं माझ्या तळहातात तोंड खुपसलं. मी गॅरेजवाल्यांसमोर हमसून हमसून रडले. पट्टा आणला होता, पण घालायचा धीर झाला नाही. बाबांनी सायकल हातात धरली, आणि सगळी वाट तो आमच्या मागोमाग चालत आला.

अंगणाच्या कडेला थांबला. भातकापणीच्या घाईत अंगण सारवायचं राहून गेलं होतं. पेंढा जळाल्याचा काळा डाग तसाच होता. मी पलीकडे बसून भाकरी दाखवली. तो शेपूट हलवत होता, पाऊल मात्र टाकेना. मी उठले तसा दोन पावलं मागं सरला.

"ओढू नको," बाबा म्हणाले.

मी ओढलं नाही. थोडा वेळ तो उभा राहिला, मग आल्या वाटेनं परत गेला.

त्याच संध्याकाळी मी अंगण उकरलं, नवी माती घातली, सारवलं. पुढं मी भाकरी घेऊन चौकला जायचे. तो माझ्या हातून खायचा, हात चाटायचा, परतताना आमच्या फाट्यापर्यंत सोबत यायचा आणि तिथंच बसायचा. त्याचा माझ्यावर राग नव्हता, हेच मला सोसत नसे. बाबांनी बजावलं होतं, मागं वळून बघू नको, त्याला वाटेल तू बोलावतेस, आणि त्याच्यानं तर येववत नाही. म्हणून फाट्यापासून घरापर्यंत मी खाली मान घालून चालायचे. मला त्याला बोलवायचंच तर होतं.