खुणा लावणाऱ्यांची लॅब

प्रयोग जमला तर पेपर होतो, फसला तर किस्सा! त्यामुळे आमच्या लॅबमध्ये पेपर मोजके, किस्से मात्र भरपूर. चहाला बसलं की एक निघतो आणि त्याचं बोट धरून दुसरा.

लॅब बंगळूरची. बॉसना सगळे अक्का म्हणतात. मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातल्या त्या. बोलता बोलता मध्येच कन्नड डोकावतं. मी सांगलीची, आणि माझ्याबरोबर पीएचडी करणारा ओंकार नागपूरचा, सतत कोणाची तरी चेष्टा करणारा.

*

आमचं काम आरएनएवर. हा पदार्थ भलताच नाजूक. त्याचा फडशा पाडणारी एन्झाइम्स आपल्या कातडीवरच असतात, म्हणून ग्लोव्ह्ज सक्तीचे.

एकदा ओंकारनं सकाळभर खपून आरएनए काढलं. तेवढ्यात दोन्ही हातांत खोके घेऊन अक्का आल्या. यानं धावत जाऊन दार उघडलं, आणि ज्या ग्लोव्ह्जनी कडी धरली त्यांनीच परत येऊन ट्यूब उघडली.

अक्का म्हणाल्या, "संस्कार छान आहेत हं! आरएनए गेलं."

*

माझे बाबा मराठीचे निवृत्त मास्तर. एकदा फोनवर म्हणाले, "तू तिथं नक्की करतेस काय गं?"

मी समजावलं, "डीएनए म्हणजे मूळ पुस्तक. पेशीला एखादं पान लागलं की त्याची नक्कल निघते, ते आरएनए. काही एन्झाइम्स त्या नकलेवर बारीक रासायनिक खुणा करतात. अक्षरं तीच राहतात, पण ती नक्कल वापरायची की लवकर फेकून द्यायची, हे खुणेवरून ठरतं."

बाबा म्हणाले, "खत आणि खंत. फरक टिंबाचाच ना?"

"हो."

"अगं, मग हे मी पाचवीला शिकवायचो!"

*

व्हाइटफील्डहून एक गुंतवणूकदार आले. सगळं पाहून म्हणाले, "ग्रेट! पण यातून प्रॉडक्ट काय निघणार?"

अक्कांनी ओंकारकडे बोट दाखवलं. "हा. अजून स्वल्प वेळ लागेल."

*

मग ओंकारनं पेशींमधलं खुणा लावणारं एक एन्झाइमच बंद केलं. पेशी मरतील अशी त्याची खात्री. त्या मजेत वाढत राहिल्या! हा तोंड पाडून बसला.

"मेल्या नाहीत म्हणून रडतोस होय?" अक्का म्हणाल्या. "तापमान वाढवून बघ."

तापमान वाढवल्यावर साध्या पेशी सावरल्या. ओंकारच्या पेशी मात्र एकेक करून गळून पडल्या.

अक्का मायक्रोस्कोपपासून बाजूला झाल्या. "सुखात कुणाचं काय अडतं रे?"

त्या दिवशी ओंकारनं कोणाची चेष्टा केली नाही.

*

महादेवपुऱ्याहून एक मराठी जोडपं आलं होतं. त्यांची ईरा शाळेत जायच्या वयाची, पण अजून ना चालत होती, ना बोलत. तपासणीत जो जीन बिघडलेला निघाला, त्याच्यापासून बनणाऱ्या एन्झाइमवर आम्ही काम करत होतो. म्हणून डॉक्टरांनी तिच्या पेशी आमच्याकडे पाठवल्या. ज्या जागी खुणा हव्यात, तिथं त्या नव्हत्या.

अक्कांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, "दोघांकडूनही या जीनची एकेक बिघडलेली प्रत आली. तुम्हाला त्रास नाही, कारण तुमच्याकडे दुसरी चांगली आहे. तिच्याकडे नाही. आज यावर औषध नाही."

मला वाटलं, आता ईराची आई रडणार. तिनं विचारलं, "ईराच्या वेळी मी शेवटपर्यंत ऑफिसला जात होते. कॅबमध्ये खूप धक्के बसायचे. त्यामुळे नाही ना झालं?"

"नाही."

"मी आराम केला असता तर?"

"तरी हेच झालं असतं. तुझ्या हातात काही नव्हतं, बाळा."

नवऱ्यानं मोबाइल काढला, घरी लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"आई, ऐक," तो म्हणाला. मग अक्कांकडे वळला. "मॅडम, आत्ता हिला जे सांगितलंत, ते माझ्या आईला सांगा."