एक डोळा मिटणारी कोंबडी

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी सासू म्हणायची आणि ते खरंच होतं. त्यामुळे आणीबाणीत सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली तेव्हा माझी नुसती तगमग व्हायची. सांगवीहून कामावर येताना बसमध्ये शेजारची बाई भाजीच्या भावाबद्दलसुद्धा हळू आवाजात बोलायची. चिंचवडच्या एका लहान औषध कारखान्यात मी पॅकिंगला होते, अजून टेंपररीच. कायम व्हायचं असेल तर गप्प राहा, असं नवऱ्याने बजावलं होतं. मी मान डोलावली आणि गोष्ट लिहायला घेतली.

कँटीनच्या भिंतीवर आमचं भित्तिपत्रक लागायचं. कविता, पाककृती, एखादा विनोद. त्यात मी एक खुराडं लिहिलं. खुराड्याचा मालक जाहीर करतो की सूर्य माझ्या हुकमाने उगवतो, तेव्हा यापुढे कोंबड्याने आरवायचं कारण नाही. कोंबडा म्हणजे वर्तमानपत्रं. मालक म्हणजे दिल्ली. आणि एक म्हातारी कोंबडी, जी रोज एक डोळा मिटून अंडी उजेडाला धरते, टिचलेलं अंडं मालकासाठी बाजूला काढते आणि पिल्लांना म्हणते, गप पडा. ती म्हणजे आपण सगळे, मुकाट्याने हुकूम पाळणारे. स्वतःवर मी इतकी खूश होते की भाकरी करपली.

प्रत्येक मजकुरावर कल्याण अधिकाऱ्यांची सही लागायची. त्यांनी गोष्ट वाचली, हसले, म्हणाले, "छान आहे, मुलांना आवडेल." आणि सही केली. मला वाटलं, जिंकलो आपण.

तपासणीच्या टेबलावर आमच्या अक्का बसायच्या. महाळुंग्याच्या, पन्नाशीच्या आसपास. दिव्यासमोर इंजेक्शनची बाटली धरायची, डावा डोळा मिटायचा, बाटली फिरवायची, आत तंतू दिसला की ती बाजूला. मला ते काम त्यांनीच शिकवलं होतं. गोष्टीतली कोंबडी डोळा मिटते तो अक्कांचा, हे मला लिहिताना ठाऊक होतं. चांगला तपशील मिळाला म्हणून मी तो उचलला, त्यापुढे विचार केला नाही.

त्याच्या महिनाभर आधी, कामाचा वेग वाढवल्याबद्दल कुरकुर करणाऱ्या आमच्यातल्या दोघींना घरी बसवलं होतं. ऑफिसात कोणी सांगितलं, याची कुजबुज चालूच होती. भित्तिपत्रक लागलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या हॉलला उत्तर सापडलं. दिल्ली कोणालाच दिसली नाही. मालक म्हणजे मॅनेजर, टिचलेली अंडी म्हणजे त्या दोघी आणि कोंबडी कोण ते सांगायला नकोच. एकीने माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं बाई, तू लिहिलंस. आम्हाला संशय होताच."

मी म्हणाले, "अगं, तसं नाही ते."

"मग कसं?"

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी पीत राहिले. कसं ते सांगायचं तर मालक कोण तेही सांगावं लागणार. भिंतीला कान होते, आणि कान नसते तरी मी भित्री होते. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आमच्याकडे जेवताना डबे मधोमध ठेवायची पद्धत होती. ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. अक्का बौद्ध. त्या कामाला लागल्या तेव्हा दोन वर्षं त्यांच्या डब्याला कोणी हात लावला नव्हता. पुढे त्यांच्या जवसाच्या चटणीने बायांना जिंकलं आणि ती आधी संपायला लागली. गोष्ट लागल्यानंतर दुसऱ्या दिवशी चटणी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशीही. अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. चौथ्या दिवशी अक्का तपासणीच्या टेबलापाशीच जेवल्या. सगळ्यांसमोर उठून त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी गेले नाही. घरी येऊन विनाकारण भांडी आपटत राहिले.

पुढे मी कायम झाले. कागद हातात आला तेव्हा लाज वाटली, आणि आनंदही झाला, हेही खरं.

निवडणुका झाल्या, दिल्लीतलं सरकार गेलं आणि एका रात्रीत सगळेच शूर झाले. मीही. कँटीनमध्ये उभी राहून मी मोठ्याने सांगितलं की ती गोष्ट आणीबाणीवर होती, अक्कांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. बाया जेवत राहिल्या. मग पाठीवर थाप मारणारी म्हणाली, "आता काय, काहीही सांगशील." दुसरी हसली. विषय संपला.

मी तशीच तपासणीच्या टेबलाकडे गेले. अक्का भाकरी खात होत्या. मी समोर बसून सगळं घडाघडा बोलले. मालक, कोंबडा, कोंबडी, सगळ्यांचे अर्थ सांगितले.

"मला पयल्याच दिशी कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "माझा बाप जलशात गायचा. गोष्टीत कोन कोन हाय, ते आमाला शिकवावं लागत न्हाई."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून काय? मी न्हाई म्हनले असते, तर मंग कोन, असं इचारलं असतं बायांनी. मंग दिल्लीचं नाव निघालं असतं. तुझी नोकरी कच्ची, पोरगं ल्हान."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचे हात धरायला गेले, त्यांनी ते सोडवून घेतले. रागाने नाही, भाकरी संपवायची होती म्हणून.

"दिल्लीला भ्यालीस, त्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "समदेच भ्याले. पर भेकड दावायला एवढ्या बायांत तुला मीच घावले व्हय?"

मला वाटत होतं, गोष्टीचे सगळे अर्थ मला माहीत आहेत. अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. मग घंटा झाली आणि त्यांनी दिवा लावला.