विटेच्या मागची जागा

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की जगातली आपली खरी जागा त्याला कळते. मला ती कळली तेव्हा ती एका विटेच्या मागे होती. विटेवर नव्हे, तेवढी माझी पुण्याई नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो. माझा एक मित्र तिथंच, माझ्या बाजूच्या टेबलावर. आम्ही दोघंही शहरातल्या छावणी भागात राहायचो, त्यामुळे कित्येक वर्षं एकाच स्कूटरवरून गेलो-आलो. स्कूटर त्याची. पुढं तो, मागं मी. या मांडणीचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला आणि कारखान्यांचं पाणी कापण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. आमच्याकडं वाया जाणारं पाणी गाळून पुन्हा वापरता येईल, अशी एक योजना मी तयार केली. सुट्ट्या त्यातच गेल्या. सकाळी स्कूटरवर त्याच्या पाठीशी बोलत मी ती सगळी त्याला समजावून सांगायचो.

"वरच्या लोकांसमोर तुझी जीभ अडकते," तो एकदा म्हणाला. "मी मांडतो. नाव तुझंच सांगतो."

त्यानं मांडली. फार छान मांडली. नाव तेवढं सांगायचं राहिलं.

योजनेच्या उद्घाटनाला शाली होत्या, आणि नळ कोरडे असतानाही टवटवीत असलेले पुष्पगुच्छ होते. त्याला विभागप्रमुख केल्याचं तिथंच जाहीर झालं. मग त्यानं मला स्टेजवर बोलावून माझ्या हातात काळ्या दगडाच्या बैठकीवर बसवलेली एक पितळी पाटी ठेवली. पाटीवर लिहिलं होतं, 'मोलाच्या सहकार्याबद्दल'. आपल्याकडं सहकार्य मंडपवाल्याचं असतं, माइकवाल्याचं असतं, अगदीच कुणी नसेल तर शांतता राखल्याबद्दल प्रेक्षकांचं असतं.

कार्यक्रमानंतर गेटवर तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस यार. साहेबांनी ऐन वेळी विचारलं, तुमचीच कल्पना ना? मी काय म्हणणार?"

"नाही म्हणायचं."

तो हसला. त्यानं स्कूटरला किक मारली आणि सवयीनं मागच्या सीटकडं पाहिलं. मी बसनं घरी आलो.

पदाशिवाय आपण कोण, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता. आता तो प्रश्न जेवायलाही माझ्या शेजारी बसू लागला. मित्राला काय काय सुनावायला हवं होतं, ते मी रोज बायकोला सुनावायचो. एकदा ती म्हणाली, "काल यापेक्षा चांगलं बोलला होतात." पाटी काचेच्या कपाटात ठेवायला तिनं साफ नकार दिला. "रोज पुसावी लागेल. पाणी कुठंय?"

पाणी टँकरवर होतं आणि टँकरला वेळ नव्हती. त्यामुळे आमच्या गल्लीत माणसाऐवजी वस्तू रांगेत उभ्या राहायच्या. रिकामे कॅन मे महिन्याच्या वाऱ्यानं उडून जायचे, म्हणून नंबराला जड काहीतरी लागायचं. शेजारच्या वहिनी पिशोरकडच्या. विहीर आटली तसं त्यांचं कुटुंब शहरात आलं होतं. नवरा नव्या इमारतींच्या बांधकामावर जायचा. त्यांचा नंबर म्हणजे एक कोरी करकरीत वीट. तिच्यामागं आमच्या बायकोनं पाटी नेऊन ठेवली आणि मला राखणीला बसवलं.

वहिनींनी वाकून पाहिलं. "भाऊजी, हे काय ठिवलंय?"

"सन्मानचिन्ह."

"कशाचं?"

"सहकार्याचं."

"मंग बरूबर. हितं बी त्येच लागतंय. पण विटंच्या मागंच राहू द्या त्याला."

थोड्या वेळानं मी सावलीला गेलो, तेवढ्यात कुणी बाई आपला फुटका माठ पुढं सरकवू लागली. वहिनी घरातूनच ओरडल्या, "ए बाय, ते विटंमागच्या भाऊजीचं हाय. हात नाय लावायचा."

तेव्हापासून गल्लीत मी विटंमागचा भाऊजी. योजना कुणाची, विभागप्रमुख कोण, हे तिथं कुणी विचारलं नाही. मी नसतानाही माझी जागा माझीच राहत होती. कारखान्यात इतकी वर्षं मी जातीनं हजर असून हे जमलं नव्हतं. राग गेला असं नाही. आजही गेलेला नाही. पण त्या रांगेत त्याला काही काम नव्हतं, म्हणून तो कडेला बसून राहिला. मीही बसून राहिलो. बऱ्याच दिवसांनी मनात कुणाशीच बोललो नाही.

त्या दिवशी टँकर आला नाही. सगळे वस्तू तशाच ठेवून घरी गेले. सकाळी येऊन पाहिलं तर सन्मानचिन्ह जागच्या जागी होतं. वीट कुणीतरी नेली होती.