कापडखातं

कल्लप्पावर माझा लई राग हाय. माणूस वाईट असता तर इतका राग आला नसता.

मी दाक्षायणी. सोलापुरातल्या एका दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत आया होते. जखमांवरनं सुटलेल्या पट्ट्या, बोळे, पुवा-रक्ताचं कापड मी झाकणाच्या डब्यात टाकायची. तो डबा मागच्या खड्ड्यावर नेऊन रॉकेल ओतून जाळायचं, हे कल्लप्पाचं काम. बहात्तरच्या दुष्काळात अक्कलकोटकडनं आला आणि मिळंल ते धरलं. पण लिंगायत माणूस, गळ्यात लिंग आणि हातात पुवाचा डबा! घरात सांगायची लाज वाटली. बायकोला, ईरम्माला म्हणाला, "दवाखान्यात कापडखात्यात लागलो."

"अरे, खरं सांग की," मी डाफरायची. "चोरी करतोस काय?"

"सांगतो दाक्षाक्का, सांगतो."

कामाला मात्र वाघ होता. तोंडाला फडकं, हातात चिमटा, मोडक्या सुया येगळ्या डबीत. राख झाल्याबिगर खड्डा सोडायचा न्हाय. त्याची लेक गौरम्मा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. कल्लप्पा दोनदा अंघोळ करून घरी जायचा. म्हणायचा, "आता नातवंडाला हात लावायचाय, अक्का."

चौऱ्याहत्तरात रॉकेल तुटलं. कल्लप्पा रोज ऑफिसात जाऊन उभा राहायचा. "आलं न्हाय, उद्या बघू." ओल्या पट्ट्या नुसत्या काडीनं पेटत्यात व्हय? ढीग गुडघ्याला आला, मग कमरेला. मेल्या साहेबांना वास कुठला येतोय, त्यांच्या खिडक्या पलीकडं होत्या! आणि हा तिकडं तिष्ठत असताना चिंध्या गोळा करणारी रंभाबाई ढिगातलं कापड ओढून न्यायची, ओढ्यात धुवायची आणि दारोदार विकायची. त्यानं तिला दोनदा हाकललं, एकदा तर पाया पडला. ती म्हणाली, "मलाबी पोट हाय, दादा."

गौरम्माला मुलगा झाला, घरीच, सुईणीच्या हातनं. कल्लप्पानं माझ्या हातावर गूळ ठेवला. येड्यावानी हसत होता.

आठव्या दिवशी सकाळी ईरम्मा पोराला पदरात घेऊन दवाखान्यात धावत आली. पोरानं दूध सोडलेलं. जबडा घट्ट. नुसता हात लावला तरी अंग ताठ व्हायचं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "बेंबीला काय बांधलं?"

तान्ह्याला कोरं कापड घालायचं न्हाय, जुनं मऊच पाहिजे, ही आपली रीत. ईरम्मानं पट्टी सोडून दावली. "चिंध्यावालीकडनं घेतली. दवाखान्याचं कापड हाय म्हणाली. मग शंका कशाला घेऊ? आमचं मालक कापडखात्यातच हायत की!"

पट्टीवर पिवळा डाग होता. जखमेवर लावायचं आमचं पिवळं औषध, कितीबी धुवा, जात न्हाय. मी ओळखलं. डबा न्यायला आलेला कल्लप्पा दारात उभा होता, त्यानंबी ओळखलं. हातातनं डबा सुटला आणि सगळे बोळे ईरम्माच्या पायापाशी पसरले. तिनं बोळ्यांकडं बघितलं, नवऱ्याच्या तोंडावरच्या फडक्याकडं बघितलं.

धनुर्वात होता. पोराला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, इंजेक्शनं दिली. दोन दिवस कल्लप्पा दाराबाहेर भिंतीला टेकून बसला. पाण्याचा घोट घेतला न्हाय.

"अक्का, मी घरात खरं सांगितलं असतं तर?"

माझी जीभ जळो! मी म्हटलं, "तर तिनं ते कापड दारात उभं केलं नसतं." आज इतकी वर्षं झाली, ते बोलणं मलाच खातंय.

तिसऱ्या दिवशी पोर गेलं. बोभाटा झाला तशी दुपारी ऑफिसातनं रॉकेलचे दोन डबे आले. इतके दिवस कुटं होते, कुणी विचारलं न्हाय. कल्लप्पानं ढिगावर रॉकेल ओतलं, पण काडी वढंना. तेवढ्यात ईरम्मा खड्ड्यापाशी आली. बाळोत्यांसाठी घेतलेलं उरलेलं कापड तिनं घडी घालून आणलं होतं. ते तिनं नवऱ्याच्या हातात दिलं.

"घ्या," ती म्हणाली, "तुमच्या खात्याचं हाय."